लेकीला घर इकत नसतेत

चंद्रभागाबाई म्हणून इचारलं तर वसमतला कुनी वळखणार न्हाई. घरं दावणारी मावशी म्हणा, मंग मोंढ्यातला हमालबी सांगल. ती माझी आत्या. बापाची थोरली बहीण. मी नववीत शाळा सोडली तवापासून तिच्याजवळच हाय. शाळा काहून सोडली ते इथं सांगायचं काम न्हाई. मी ब्लाउजच्या दुकानात पिको-फॉल करते, अन् आत्याला कुटं जायचं असलं की मशीन सोडून स्कुटी काढते. दुकानवाली बोलती. बोलू दे.

वसमतला आता घर भेटत न्हाई. हळदीचं बरं झालं तसं खेड्यातला जो तो म्हणून राहिला, लेकरं वसमतला शिकवायची. कुरुंद्याचे येतेत, औंढ्याकडचे येतेत, बदली झालेले नोकरीवाले येतेत. शाळेमागच्या गल्लीत एक घर निघालं की दारात चपलाच चपला. ज्याच्याकडं पैसे जास्त असतेत तो घेऊन जातो. ज्याच्याकडं जरा कमी असतेत ते आत्याकडं येतेत.

आत्याचा नवरा सिद्धेश्वरला हाय. जित्ता हाय. तिथं दुसरी करून बसला. कुंकू हाय, नवरा न्हाई, असं आत्या सवताच सांगती, भाजीचा भाव सांगावा तसं. भावाच्या घरात भावजयीच्या हाताखाली राहायचं न्हाई म्हणून ती वसमतला आली, अन् उन्हाळ्यात घरोघर कुरडया-पापड करून द्यायला लागली. सयपाकघरात बसलं की समदं कळतं. कोन घर इकून राहिला, कोनाच्या भावाभावात लागलं, कोनाच्या सुनेला नांदेडला राहायचंय. दलाल लोक टपरीवर मालकासंगं बसतेत. आत्या आतमदी मालकिणीसंगं पीठ मळत बसायची. असंच एकाला घर पाहून दिलं, मंग दुसऱ्याला.

तिचं काम कसं व्हतं ते मी जिवनबाईच्या घरी पाह्यलं. जिवनबाई अन् मसाजी, दोघं म्हातारे, पोरानं परभणीला बोलवून घेतले व्हते. घराला पाच गिऱ्हाईकं. आत्याचं गिऱ्हाईक समद्यात गरीब. मसाजी वसरीवर दलालासंगं बोलून राहिला, अन् जिवनबाई आत लसूण निसत बसलेली.

आत्यानं घराचं नावबी काढलं न्हाई. तिच्या सुपातला लसूण घेतला अन् इचारलं, "कोमल कवा येणार हाय आता?"

कोमल म्हणजे त्याईची लेक. हिंगोलीला दिलेली.

"कुटं येती आता," जिवनबाई म्हणली. "पोराकडं एक खोली आमाला. तिला काय माझ्या उशाला बसवू?"

आत्या उठली. मला म्हणली, गाडी काढ. गिऱ्हाइकाच्या बायकोला घेऊन आलो, साडी, नारळ, खण, तांदूळ. कोमलला फोन करून बोलवलं, ती हिंगोलीहून दुपारच्या एसटीनं आली. उंबऱ्याच्या आत पाटावर बसवून त्या बाईनं कोमलची ओटी भरली अन् आत्यानं शिकवलं तसं म्हणली, "घर आमी घेतलं तरी माहेर तुमचंच हाय. पंचमीला यायचं. न्हाई आल्या तर मी न्यायला येईन."

हे पाहून मसाजी वसरीवर अजून बसलेल्या दलालाला म्हणला, "तुमी आता जा, आमचं जमलं."

घर इकताना बापाला कागद दिसतो. मायीला दिसतं की लेकीचं माहेर गेलं. आत्याला हे ठावूक व्हतं, बस. सवतालाबी माहेर न्हाई म्हणून ठावूक असल.

मी तिला एकदा म्हणले, "आत्या, हे नाटक हाय का खरं?"

"नाटक असतं तर श्रावणात पायपीट कशाला केली असती?"

"पायपीट कुटं, माझ्या स्कुटीवर बसून तर फिरती."

"तुझ्या स्कुटीवर बसणं म्हणजे पायपिटीच्या वर हाय बाई."

पण खरंच, पंचमीच्या आधी ती समद्या घरांत जायची. जी घरं तिनं मिळवून दिली त्या समद्यांत. दारातूनच इचारायची, कोमलला फोन केला का? अमकीला केला का? न्हाई केला असला तर उभी राहून करायला लावायची. त्या आठवड्यात तिला एक रुपया भेटत न्हाई. कुनाला वाटलं ती पैशासाठी करती, तर त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

मंग बालाजी अन् प्रतिक्षा आले. कुरुंद्याचे. त्याईची पोरगी आरोही, वसमतच्या शाळेत नाव टाकलेलं, रोज एसटीनं जाती-येती, अन् एसटीत पोरीला उलटी व्हती. प्रतिक्षा म्हणली, "मावशी, दप्तराच्या वासानं आता मलाच उलटी येऊन राहिली. कसंबी करून घर पाहा."

पहिलं घर पाह्यला गेलो ते एका मास्तराचं. बालाजीनं गेल्या गेल्या भिंतीवर बोटानं टकटक केलं. म्हणला, "वलावा हाय." मंग वर माळवदाच्या छताकडं पाहून म्हणला, "हे तर पाडावंच लागल." मास्तराची बायको आत गेली ती बाहेर आलीच न्हाई. चहाबी आला न्हाई. संध्याकाळी फोन आला, दुसऱ्याला दिलं.

आत्यानं त्याला रस्त्यातच धरलं.

"बालाजी, तुझ्या सासऱ्यानं पोरगी दावताना तू तिच्या दाताला टकटक केलं व्हतं का?"

प्रतिक्षा फिदीफिदी हसली. बालाजी म्हणला, "मावशी, नाव ठेवलं तर भाव उतरंल म्हणून…"

"भाव उतरतो. माणूसबी उतरतं मनातून. भिंतीला हात लावायचा न्हाई. कुटं काय पाडायचं ते मनात पाडायचं. चहा दिला तर प्यायचा, गोड असला तरी. अन् तू," ती प्रतिक्षाला म्हणली, "तू बाप्या माणसांत बसूच नको. सरळ चुलीकडं जा. अन् पहिल्यांदा काय इचारायचं?"

"लेक कुटं दिली."

"हां. शिकलेली हाईस."

त्याईला अजून चार घरं दावली. चारीबी हुकली. दोन ठिकाणी भाऊबंद आडवे आले, दोन ठिकाणी कुनी तरी एवढे जास्त दिले की आत्याचं काही चाललं न्हाई. आत्या त्याईला म्हणली, तुमाला घर मिळवून दिल्याबिगर मी थांबणार न्हाई.

आता नानीमायचं सांगते.

आमी जिथं किरायानं राहायचो ते घर नानीमायचं. समोर तीन खोल्या तिच्या, मदी अंगण, मागं पत्र्याच्या दोन खोल्या आमच्या. आत्या तिथं माझ्या जन्माच्या आधीपासून व्हती. मागच्या खोलीत उजेड नव्हता, तर आत्यानं सवताच्या पैशानं खिडकी पाडून घेतली. कढीपत्ता लावला. ओटा बांधला. नानीमायला एकच पोरगा, सोमेश्वर, नांदेडला मेडिकलचं दुकान. लेक न्हाई. म्हणून दर पंचमीला ती आत्याला समोर बोलवायची, पाटावर बसवायची, कासारणीकडून हिरव्या बांगड्या भरायची, ओटी भरायची. गल्लीत सांगायची, "ही माझी लेक. देवानं पोटी दिली न्हाई, मागच्या खोलीत दिली."

आत्याबी तिला मायच म्हणायची. तिचे गुडघे चोळून द्यायची, केस विंचरून द्यायची. महिन्याच्या महिन्याला किरायाबी द्यायची. तो सोमेश्वर घ्यायचा.

गुडघे लईच गेले तवा सोमेश्वर म्हणला, आई, आता नांदेडला चल, घर काढून टाकू. घर नानीमायच्या नावावर. सोमेश्वर सरळ बोलला, "मला घाई न्हाई, कुनाला द्यायचं ते आईच ठरवल."

मला वाटलं झालं. आता आत्याला मिळालं. माझ्या बापाची हळद इकली गेलती, तो म्हणला कमी पडतील ते पैसे मी घालतो. आत्याची शिल्लक व्हती. समद्यात जास्त झाले नसते, पण कमीबी पडले नसते. अन् तिला येत काय व्हतं? मालकीण जिंकायची हेच तर येत व्हतं. तेबी इथं जिंकायचं काय राह्यलं?

"आत्या, आज बोल."

"बोलते."

बोलली न्हाई. नानीमायचे केस विंचरून आली.

"काहून बोलली न्हाई?"

"मी काय गिऱ्हाईक हाय का तिथं जाऊन बसायला?"

"गिऱ्हाईकच हाईस. लाज कसली?"

दुसऱ्या दिवशीबी तेच. तिकडं समोर दलालाचे लोक यायला लागले. अंगणातून जाताना आमच्या खोल्यांकडं पाहून म्हणायचे, हे मागचं पत्र्याचं तर काढून टाकू, इथं गाडी लागंल. आत्या आतून ऐकायची अन् भाकरी थापायची. एकाबी भाकरीला चीर पडली न्हाई. मीच पाहून राहिले व्हते.

मंग मी तिला हाताला धरून समोर नेलं. नानीमाय पलंगावर व्हती, गुडघ्याला तेल लावलेलं.

आत्या खाली बसली. मंग म्हणली, "माय, हे घर मी घेतलं तर?"

नानीमाय तिच्याकडं पाहत राह्यली. मला वाटलं ती आता हसल. ती रडली. पदरानं डोळे पुसून म्हणली, "चंद्रे, येडी का काय तू. लेकीला कुनी घर इकत असतं का?"

"मी भाव बराबर देते, माय."

"भावाचं काय सांगती. लेकीचा पैसा घेऊन मी वर कोनतं तोंड दावू? लोक म्हणतील, नानीनं जाता जाता लेकीलाच लुटलं."

मी उभीच व्हते. मी म्हणले, "मंग तशीच द्या."

"तशी कशी देऊ? ते पोराचं हाय. लेकीला साडी-चोळी, घर पोराला. तुझ्या बापानं दिलं का हिला घर?"

बापानं दिलं नव्हतं. ते खरं व्हतं.

"किराया तर लेकीकडूनच घेताव," मी म्हणले.

"तो सोम्या घेतो. मी कवा हात लावला का?"

तेबी खरं व्हतं. नानीमाय खोटं बोलत नव्हती. तिनं तेवढ्याच मायेनं आत्याच्या डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणली, "तू काळजी करू नको. मी असंच कुनालाबी देणार न्हाई. तुझं माहेर राखल त्यालाच देईन. तूच समद्याईला शिकवलं ना ते?"

बाहेर आल्यावर मी आत्याला म्हणले, "तुला एकच वाक्य म्हणायचंय. मी तुमची लेक न्हाई, किरायदार हाय. एवढं म्हण. मंग तिला पैसे घ्यायला काही अडचण न्हाई."

"हां."

"म्हणणार का?"

"पाहू."

मी म्हणले, तू म्हणत न्हाई तर मी म्हणते. ती म्हणली, "तू गप राहा, पोरी. ते तुझं म्हणायचं न्हाई." तिचा आवाज वाढला न्हाई का काही न्हाई. तिनं कढीपत्त्याला पाणी घातलं. मला राग यायला पायजे व्हता. मी तिथंच पायरीवर बसले अन् पायाच्या नखाचा रंग खरवडत राह्यले.

एका मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, बालाजी अन् प्रतिक्षा आले. आत्यानं बोलवलं नव्हतं. त्याईला मोंढ्यात कुनी तरी सांगितलं की अमक्या गल्लीत घर निघालं. पत्त्यावर आले अन् आत्याला अंगणात पाहून प्रतिक्षा हसली. "मावशी, तुमी इथं राहता? मंग आमाला सांगितलं काहून न्हाई?"

आत्या म्हणली, "ध्यानातून गेलं."

तिला हे घर पायजे, ते त्या दोघाईला ठावूक नव्हतं. त्याईला ते मी सांगायचं का, तर आत्या माझ्याकडं पाहून राहिली व्हती. मी सांगितलं न्हाई. तिनं नको म्हणलं तर नको.

बालाजी वसरीवर बसला. हात मांडीवर. भिंतीकडं पाह्यलंबी न्हाई. चहा आला तो प्याला, नानीमायच्या चहात साखर लई असती, तरी प्याला. प्रतिक्षा सरळ आत गेली. नानीमाय मेथी निसत व्हती, तिनं जुडी ओढून घेतली. आरोही अंगणात कढीपत्त्याची पानं चावून राहिली.

दोघी इकडचं तिकडचं बोलल्या. कुरुंद्यात नानीमायची मावसबहीण दिलेली निघाली. मंग प्रतिक्षानं इचारलं, "आजी, लेक कुटं दिली तुमची?"

मी दारात व्हते. हातात स्कुटीची चावी.

नानीमाय म्हणली, "ही काय. हीच माझी लेक," अन् आत्याकडं बोट केलं.

प्रतिक्षाला काही येळ कळलं न्हाई. तिला वाटलं म्हातारी गंमत करून राहिली. मंग तिनं नानीमायचं तोंड पाह्यलं, आत्याचं पाह्यलं, अन् तिला वाटलं की खरंच तसं हाय. ती चांगली बाई हाय. तिचे डोळे भरले. ती म्हणली, "मावशी, एवढे दिवस बोलल्या न्हाईत." पिशवीतनं साडी काढली. तिच्या पिशवीत साडी, नारळ, खण नेहमीच असायचं. चार घरांतून परत आणलेली तीच साडी. आत्यानंच घ्यायला लावलेली, दुकानात आत्यानंच रंग पाह्यलेला. निळा.

नानीमायनं सवता पाट मांडला. गुडघे कडकड वाजले.

"बस चंद्रे."

आत्या उभी व्हती. मला वाटलं आता म्हणंल. आता म्हणावंच लागल. नुसतं एवढंच, मी लेक न्हाई. पाटावर बसली की संपलं. ओटी घेतली की घर त्याईचं. हा कायदा तिनंच केलेला.

आरोही आत येऊन माझ्या कुर्त्याला धरून उभी राह्यली. पोरीच्या तोंडाला कढीपत्त्याचा वास.

आत्या माझ्याकडं पाहत नव्हती. नानीमायकडं पाहत व्हती, अन् नानीमाय असं पाहून राहिली व्हती जशी पोटची नांदायला चालली. मंग आत्या पाटावर बसली. पदर पसरला.

प्रतिक्षानं तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला, साडी ठेवली. कुंकू लावलं. शिकवलेलं समदं बराबर म्हणली. "घर आमी घेतलं तरी माहेर तुमचंच हाय. पंचमीला यायचं. न्हाई आल्या तर मी न्यायला येईन."

"येईन," आत्या म्हणली.

नानीमायनं वसरीवर हाक मारली, "जमलं रे बाबा."

मी आत्याच्या मागून आमच्या खोलीत आले. ती ओटीतले तांदूळ डब्यात टाकून राहिली व्हती. चाळले, खडा काढला, मंग टाकले.

"त्या खोल्या ते ठेवतील का किरायानं?" मी इचारलं.

"माहेरात कुनी किरायानं राहतं का?"

तिनं हे टोमण्यानं म्हणलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती सांगून राहिली व्हती.

बालाजीनं लई आग्रह केला, मावशी जाऊ नका, मागं राहा, आमाला काही तकलीफ न्हाई. पण त्याईला गाडी लावायला जागा पायजे व्हती अन् आरोहीला आभ्यासाला खोली पायजे व्हती, हे त्यानं आधी आत्यालाच सांगितलेलं, पहिल्या दिवशी. आत्याच्या ध्यानात व्हतं.

नानीमाय नांदेडला गेली. गाडीत बसताना आत्याच्या गळ्यात पडून रडली. आत्या रडली न्हाई. ती म्हणली, "औषध येळेवर घ्या." आमी मोंढ्यामागं एक खोली घेतली. हळदीच्या पोत्याची धूळ येती, समदं पिवळं व्हतं, तांब्या, उशी, माझे पाय. आत्या कामाला लागली. दोन घरं मिळवून दिली त्या उन्हाळ्यात. एकात लेक नव्हती, तर म्हाताऱ्याची बहीण शोधून तिची ओटी भरायला लावली.

श्रावण लागला. समद्या घरांत गेलो. अमकीला फोन केला का, तमकीला केला का. आमच्या जुन्या गल्लीत मी गाडी वळवली न्हाई. ती म्हणलीबी न्हाई वळव.

पंचमीच्या आधी प्रतिक्षाचाच फोन आला. मी म्हणले, जाऊ नको.

"मी समद्या लेकींला जा म्हणते. मीच न्हाई गेले तर पुढच्या येळी कोनाला सांगू?"

तिनं निळी साडी नेसली. मी तिला दारात सोडलं. मी आत गेले न्हाई. स्कुटीवरच बसले. आरोही बाहेर आली, मुठीत लाह्या घेऊन. म्हणली, "ताई, मम्मी म्हणती आत या." मी म्हणले, "मला काम हाय." ती म्हणली, "तुमी तर बसूनच हाव." लाह्या माझ्या हातावर ठेवून गेली. मी खाल्ल्या. मीठ कमी व्हतं.

आत्या आली तवा दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. मागं बसली. मी गाडी चालू केली न्हाई.

"मागं गेली व्हती का?"

"गेले. प्रतिक्षा घेऊन गेली."

"काय हाय तिथं?"

"एक खोली काढली, गाडी लावतेत. एक तशीच हाय. खिडकीपाशी पोरीचा टेबल हाय." मंग म्हणली, "उजेड बरा हाय. पोरीला आता उलटी व्हत न्हाई म्हणली."

"तू काही म्हणली का?"

"काय म्हणू. चांगलं ठेवलंय म्हणले."

तेवढ्यात नांदेडहून फोन आला. नानीमायला कमी ऐकू येतं, म्हणून ती वरडून बोलती, मला समोर बसून ऐकू येत व्हतं. "गेलती का गं माहेराला? बांगड्या भरल्या का?"

"भरल्या माय."

"कोनत्या?"

"हिरव्या."

"बराबर भरल्या का ढिल्या हाईत?"

आत्यानं हात हलवून पाह्यला. "बराबर हाईत," ती म्हणली. फोन ठेवला. मंग मला म्हणली, "चल. कारखाना रोडला एक बाई हाय, घर काढायचं म्हणती. तिला दोन लेकी हाईत. पेट्रोल हाय का?"

व्हतं.